स्तनाची सोनोग्राफी : भीति आणि वस्तुस्थिति

सोनोग्राफी हा शब्द बीड जिल्ह्यांत उच्चारला कीं ऐकणाराच्या मनांत प्रथम जो विचार येतो तो आजाराचा नसतो. मुलगा कीं मुलगी, हाच असतो. याला कारणहि तसेंच घडलें आहे. सन २००१ च्या खानेसुमारींत या जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें ८९४ मुली होत्या. २०११ च्या खानेसुमारींत त्या ८०७ च उरल्या, आणि हा आंकडा साऱ्या महाराष्ट्रांत सर्वांत खालचा ठरला. पुढच्याच वर्षीं परळी येथील गर्भपाताचें प्रकरण उघडकीस आलें आणि जिल्ह्याचें नांव नको त्या कारणानें देशभर झालें. वास्तविक गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानें सर्व देशाच्या आधीं, १९८८ सालीं, केला होता, आणि १९९४ सालीं संसदेनेंहि तसा कायदा केला. कायदा होता, यंत्रहि होतें. विवेक तेवढा कमी पडला.

या घटनांचा एक परिणाम असा झाला आहे कीं, त्याची मोजदाद कोणत्याहि खानेसुमारींत होत नाहीं. ज्या स्त्रीला दिवस गेलेले नाहींत अशा स्त्रीला डॉक्टरांनीं सोनोग्राफी सांगितली, तर ती बुचकळ्यांत पडते. शेजारणी कुजबुजतात, सासू विचारांत पडते, आणि नवरा म्हणतो, "तें कशाला? पुढें पाहूं." त्यांतून तपासणी स्तनाची असेल तर संकोच दुप्पट होतो. स्तनांत गाठ लागली आहे हें स्त्री आईला सांगत नाहीं, बहिणीला सांगत नाहीं, आणि जें दुखत नाहीं त्याची तक्रार काय करावयाची अशी स्वतःची समजूत घालून घेते. हें खेड्यांतच घडतें असें नव्हे. बीडच्या किंवा पुण्याच्या सुशिक्षित घरांतहि हाच मुकेपणा आहे, त्याला फक्त पोशाख निराळा आहे. म्हणून ही तपासणी म्हणजे नेमकें काय, तीं पंधरा-वीस मिनिटें कशीं जातात, आणि शेवटीं हातांत येणाऱ्या कागदाचा अर्थ कसा लावावयाचा, हें नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम यंत्राचा विचार करूं. विहिरींत वांकून हांक मारली कीं तिचा प्रतिध्वनि परत येतो, आणि तो किती वेळानें आला यावरून पाणी किती खोल आहे याचा अंदाज करतां येतो. सोनोग्राफीचें मर्म एवढेंच आहे. माणसाच्या कानाला दर सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. स्तनाच्या तपासणींत वापरल्या जाणाऱ्या ध्वनीचीं कंपनें सेकंदास एक कोटीच्या आसपास असतात. हा ध्वनि शरीरांत सेकंदास सुमारें १,५४० मीटर या वेगानें जातो, निरनिराळ्या थरांवर आपटून परततो, आणि त्या प्रतिध्वनींवरून यंत्र पडद्यावर चित्र उमटवितें. यांत क्ष-किरण नाहींत, वीज शरीरांत जात नाहीं, कोठें टोंचत नाहीं. म्हणूनच गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीलाहि ही तपासणी निर्धास्तपणें करतां येते.

या विद्येचा इतिहासहि लक्षांत ठेवण्याजोगा आहे. विशिष्ट स्फटिकांवर दाब दिला असतां वीज उत्पन्न होते, हें फ्रान्समधील प्येर व झाक क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. पहिल्या महायुद्धांत पाणबुड्यांचा ठाव घेण्यासाठीं त्याच तत्त्वाचा उपयोग करण्याचे प्रयोग झाले. पुढें १९५१-५२ च्या सुमारास अमेरिकेंतील मिनियापोलिस येथें जॉन वाइल्ड हा शल्यवैद्य आणि जॉन रीड हा अभियंता या दोघांनीं याच ध्वनीनें स्तनांतील गाठी तपासून पाहिल्या. ग्लासगो येथील इयान डोनाल्ड यांचा गर्भाशय व गर्भ यांविषयींचा प्रसिद्ध निबंध त्यानंतर, १९५८ सालीं, आला. म्हणजे ज्या यंत्राला आपल्याकडे केवळ गर्भाचें यंत्र मानलें जातें, त्यानें स्त्रीच्या स्तनांतील गाठ त्याच्या आधींच पाहिली होती. दोष यंत्राचा नव्हता. त्याला कोणता प्रश्न विचारला गेला, यांत होता.

आतां तपासणीस जाण्यापूर्वींची तयारी. ती जवळजवळ कांहींच नाहीं. पोटाच्या सोनोग्राफीसाठीं उपाशी राहावें लागतें किंवा भरपूर पाणी पिऊन लघवी तुंबवून धरावी लागते. येथें त्यांपैकीं कशाचीहि गरज नाहीं. जेवून जावें, नेहमींचीं औषधें घ्यावींत. साडी-पोलकें किंवा सलवार-कुडता, म्हणजे कमरेच्या वरचाच पोशाख सहज उतरवितां येईल असे कपडे असावेत. त्या दिवशीं छातीला तेल, मलम किंवा पावडर लावूं नये. गळ्यांतील दागिने शक्य तर घरींच ठेवावेत. मंगळसूत्र काढवत नसेल तर तें मागें सारून घेतलें तरी चालतें. पूर्वीं केलेल्या तपासण्यांचे कागद आणि चित्रें मात्र न विसरतां न्यावींत, कारण गाठ वाढली कीं तशीच राहिली हें मागच्या मापाशीं ताडून पाहिल्यानेंच कळतें. पाळीच्या आधींच्या आठवड्यांत पुष्कळ स्त्रियांचे स्तन जड होतात व दुखतात. घाई नसेल तर पाळी संपल्यावरचे दिवस बरे. परंतु गाठ हाताला लागली असेल तर या सबबीवर महिना महिना थांबूं नये.

दाराशींच एक पाटी दिसेल : येथें गर्भलिंगनिदान केलें जात नाहीं. ही पाटी लावणें कायद्यानें सक्तीचें आहे, आणि यंत्राची सरकारदरबारीं नोंद असते. गरोदर स्त्रियांकरितां जो विशेष नमुना भरून घेतात तो स्तनाच्या तपासणीसाठीं लागत नाहीं. म्हणून पाटी पाहून दचकण्याचें किंवा आपण कांहीं बेकायदा करीत आहों असें वाटून घेण्याचें कारण नाहीं. तपासणारे डॉक्टर पुरुष असतील तर खोलींत परिचारिका किंवा बरोबरची नातेवाईक स्त्री असावी, असें स्त्रीनें स्पष्टपणें सांगावें. हें मागणें उद्धटपणाचें नव्हे. स्त्री-डॉक्टर कोणत्या दिवशीं असतात हें आधीं विचारून गेलें तर आणखी बरें.

खोलींत गेल्यावर डॉक्टर कांहीं प्रश्न विचारतात. गाठ केव्हांपासून आहे? पाळीबरोबर ती कमीजास्त होते काय? स्तनाग्रांतून पाणी अथवा रक्त येतें काय? मूल अंगावर पितें काय? आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकीं कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता काय? या शेवटच्या प्रश्नाला पुष्कळ घरांत उत्तर माहीत नसतें, कारण मावशी कशानें गेली हें कोणी बोललेंच नसतें. जें माहीत असेल तें सांगावें. नंतर स्त्रीनें आपल्या बोटानें गाठेची जागा दाखवावी; तिच्या बोटाइतका खात्रीचा वाटाड्या दुसरा नाहीं.

मग तिला उताणें निजवितात, आणि ज्या बाजूचा स्तन पाहावयाचा त्या बाजूच्या खांद्याखालीं लहानशी उशी देऊन तो हात डोक्यावर घ्यावयास सांगतात. अशानें स्तन सपाट पसरतो व ध्वनीला थोडेंच अंतर जावें लागतें. त्यावर पारदर्शक, बुळबुळीत जेल लावतात. हवा हा या ध्वनीचा शत्रु. कातडी आणि यंत्राचा हातांत धरावयाचा भाग, ज्याला प्रोब म्हणतात, यांच्यामध्यें हवा राहूं नये एवढ्याकरितांच तें असतें. प्रथम तें थंड लागतें, अंगावर कांटा येतो. मागाहून कांहीं वाटत नाहीं. डॉक्टर प्रोब हलक्या दाबानें स्तनावर चोहोंकडून फिरवितात, स्तनाग्राखालीं पाहतात आणि मग काखेंतहि पाहतात, कारण स्तनाचा कर्करोग पसरूं लागला तर तो बहुधा प्रथम काखेंतील गांठींत पोंचतो. दुखऱ्या जागीं दाब जाणवतो, परंतु वेदना म्हणावी असें कांहीं होत नाहीं. बहुधा दोन्ही स्तन तपासतात. म्हणून ज्या बाजूला कांहीं नाहीं ती बाजू पाहूं लागल्यास घाबरूं नये.

या वेळीं एक गोष्ट स्त्रीला फार छळते : डॉक्टरांचें मौन. ते एका जागीं थांबतात, पुन्हां मागें येतात, यंत्राची कळ दाबतात, पडद्यावर फुल्या मांडून अंतर मोजतात, आणि बोलत मात्र नाहींत. निजलेली स्त्री छताकडे पाहत त्या मौनाचा सर्वांत वाईट अर्थ लावते. वस्तुतः साध्या पाण्याच्या गाठीचेंहि माप असेंच दोन-तीन दिशांनीं घ्यावें लागतें, आणि चित्र स्थिर करून ठेवण्यासाठीं कळ दाबावीच लागते. कधीं रक्ताचा ओघ पाहण्यासाठीं रंग दाखविणारी योजना सुरू करतात, तेव्हां पडद्यावर तांबडे-निळे ठिपके दिसतात. तेंहि भयसूचक नव्हे. आपल्याकडे ही तपासणी डॉक्टर स्वतःच करीत असल्यामुळें ती संपतांच "काय दिसलें?" असें विचारण्यास हरकत नाहीं. सर्व मिळून पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत वेळ लागतो. जेल फडक्यानें पुसून निघतें, कपड्यांना डाग पडत नाहीं, आणि स्त्री तत्काळ घरीं जाऊन नेहमींचें काम करूं शकते.

पडद्यावर जें दिसतें त्याचे साधारणपणें तीन प्रकार. पहिला, पाण्याची गाठ : आंत द्रव असल्यामुळें तेथून प्रतिध्वनि येत नाहीं व ती स्वच्छ काळी, गुळगुळीत कांठाची दिसते. ती साधी असेल तर बहुधा उपचाराचीहि जरूर नसते. दुसरा, घट्ट परंतु सौम्य गाठ : तरुण मुलींत आढळणारी फायब्रोॲडिनोमा नांवाची गाठ ही त्यांतली. ती बोटाखालून गोटीसारखी सटकते; चित्रांत लांबट, रेखीव कांठाची दिसते. बाळंतिणीच्या स्तनांत दूध साचून झालेली गाठ किंवा गळूं हेंहि याच यंत्रानें ओळखतां येतें. तिसरा प्रकार संशयाचा : कांठ वेडेवांकडे, आकार आडव्यापेक्षां उभा अधिक, मागें पडछाया. अशी गाठ दिसली म्हणजे कर्करोग ठरलाच असें नव्हे. परंतु पुढची तपासणी टाळतां येत नाहीं. येथें मुख्य गोष्ट ही कीं, स्तनांत हाताला लागणाऱ्या गाठींपैकीं बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. जी स्त्री भीतीनें तपासणीस जात नाहीं ती बहुधा नसलेल्या रोगाचें ओझें वाहते. आणि क्वचित् खरोखरच्या रोगाला वाढावयास सवड देते.

अहवालाच्या शेवटीं बायरॅड्स असा शब्द आणि त्यापुढें एक अंक असतो. या अंकानें अनेक घरांत विनाकारण आकांत झाला आहे, म्हणून तो नीट समजून घ्यावा. ही पद्धति अमेरिकेंतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेनें १९९३ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. शून्य म्हणजे माहिती अपुरी, आणखी तपासणी हवी. एक म्हणजे कांहींहि दोष नाहीं. दोन म्हणजे जें आहे तें निश्चित निरुपद्रवी. तीन म्हणजे बहुतेक निरुपद्रवी. कर्करोगाचा संभव शेंकडा दोनांहून अधिक नाहीं, म्हणून सहा महिन्यांनीं पुन्हां पाहावें. चार म्हणजे संशयास्पद, तुकडा काढून तपासावा. पांच म्हणजे कर्करोगाचा दाट संभव, शेंकडा ९५ किंवा अधिक. सहा म्हणजे तुकड्याच्या तपासणीनें रोग आधींच सिद्ध झालेला. हे अंक रोगाच्या अवस्था नव्हेत. अहवालांत चार पाहून "चौथी अवस्था" समजणें आणि रडारड करणें ही शुद्ध गैरसमजूत आहे. चार या वर्गांतील कित्येक गाठी अखेर निरुपद्रवी ठरतात.

तुकडा काढण्यासाठीं जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या चित्रावर नजर ठेवून, सुईनें तांदळाच्या दाण्यासारखे दोन-चार तुकडे घेतात. स्त्री त्याच दिवशीं घरीं जाते. सुई लागली कीं रोग उसळतो व पसरतो, ही समजूत मराठवाड्यांत फार खोल रुजली आहे. तिला आधार नाहीं. रोग पसरतो तो कांहीं न करतां घालविलेल्या महिन्यांत.

सोनोग्राफीच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. स्तनांतील अगदीं बारीक चुन्याचे कण, जे कधीं कधीं रोगाची पहिली खूण असतात, ते या ध्वनीला सहसा दिसत नाहींत; ते मॅमोग्राफी या क्ष-किरणांच्या तपासणींत दिसतात. उलट तरुण स्त्रियांचा स्तन दाट असल्यामुळें मॅमोग्राफीचें चित्र धूसर येतें व तेथें सोनोग्राफी उपयोगी पडते. म्हणून तिशीच्या आंतील स्त्रीस बहुधा आधीं सोनोग्राफी, आणि चाळिशीपुढील स्त्रीस मॅमोग्राफी व जोडीला सोनोग्राफी सांगतात. एकीनें दुसरीची जागा घेतली असें होत नाहीं. तसेंच सोनोग्राफींत कांहीं आढळलें नाहीं, परंतु हाताला गाठ स्पष्ट लागते आहे, अशा वेळीं कागदावर विसंबून स्वस्थ बसूं नये. पुन्हां डॉक्टरांना दाखवावें.

आतां बीड जिल्ह्याकडे पुन्हां वळूं. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, व बीड या दोन जिल्ह्यांची कर्करोगाची नोंद एकत्र ठेवली जाते, आणि २०२० च्या राष्ट्रीय अहवालांत येथील प्रमाण देशांत अगदीं खालच्या बाजूस आहे. हें समाधानाचें आहे. परंतु ज्या एका घरांत रोग शिरतो त्या घराला सरासरीचा उपयोग नाहीं. साऱ्या भारतांत स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग आज पहिल्या क्रमांकावर आहे. जागतिक अंदाजाप्रमाणें २०२२ सालीं सुमारें १,९२,००० नवीन रुग्ण आढळले. आणि बीडची अडचण रोगाच्या प्रमाणाची नसून वेळेची आहे. दसऱ्याच्या पुढें येथील हजारों कुटुंबें कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. अशा स्त्रीला फडांत गाठ लागली तर ती पाडव्यापर्यंत कोणास सांगणार? शिवाय सोनोग्राफीचें यंत्र नोंदलेल्या जागेबाहेर वाटेल तेथें नेण्यास कायद्याची आडकाठी आहे. म्हणजे यंत्र तिच्याकडे येणार नाहीं, तिलाच यंत्राकडे गेलें पाहिजे.

दुसरी अडचण विश्वासाची. सन २०१९ मध्यें शासनानें नेमलेल्या समितीच्या कामांत जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तींत १३,८६१ स्त्रियांची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. ज्या समाजानें हें पाहिलें, तेथें तपासणीला गेलें कीं कांहीं तरी कापून घेतल्याशिवाय परत येतां येत नाहीं, अशी धास्ती बसली तर नवल नाहीं. तिच्यावर उतारा एकच : तपासणी आणि शस्त्रक्रिया या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि तुकड्याचा अहवाल हातीं येण्यापूर्वीं स्तन काढण्यास कोणीहि घाईनें संमति देऊं नये, हें प्रत्येक स्त्रीला ठाऊक असलें पाहिजे. दुसऱ्या डॉक्टरांचें मत घेणें हा तिचा हक्क आहे. अंबाजोगाई येथें ग्रामीण भागासाठीं स्थापलेलें स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे, दक्षिणेस बार्शीला कर्करोगाचें रुग्णालय आहे, जेथें १९८७ पासून देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी चालत आली आहे. आष्टीच्या बाजूच्या लोकांना अहिल्यानगर जवळ पडतें. वाट दूर असेल, पण नाहीं असें नाहीं.

साध्या तपासणीचेंहि मोल किती, याचा पुरावा मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या कामांत मिळतो. तेथें १९९८ पासून सुमारें दीड लक्ष स्त्रियांवर वीस वर्षें अभ्यास झाला. त्यांतील निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं हातानें तपासले. हा अभ्यास २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगानें होणारे मृत्यु जवळजवळ शेंकडा तीसांनीं घटल्याचें त्यांत दिसलें. त्याहून तरुण स्त्रियांत तसा फरक आढळला नाहीं. परंतु रोग लौकर ओळखला जाण्यास त्या हातांची मदत झाली. महाग यंत्र नंतर. आधीं जाणता हात आणि बोलतें तोंड.

सुशिक्षित घरांना यांत करण्यासारखें पुष्कळ आहे. घरीं धुणेंभांडीं करावयास येणारी बाई, शेतावरची गडीणबाई, गांवाकडची भावजय यांना ही माहिती वाचावयास मिळत नाहीं. ती कोणी तरी त्यांच्या बोलींत सांगावी लागते. पुरुषांनीं तर एवढें निश्चित करावें कीं, पत्नीनें गाठेविषयीं शब्द काढला तर "पुढें पाहूं" हें उत्तर तोंडांतून जाऊं द्यावयाचें नाहीं. बरोबर जावें, बाहेरच्या बांकावर बसावें, तपासणी झाल्यावर अहवाल दोघांनीं मिळून वाचावा. आणि ज्या स्त्रीला सहा महिन्यांनीं पुन्हां यावयास सांगितलें असेल तिची ती तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. ऊसतोडीला जाणारी असेल तर तिनें पहिली तपासणी दसऱ्यापूर्वीं उरकावी व दुसरी परतल्यावर पहिल्याच आठवड्यांत करावी. कामें तोंडाशीं येण्याआधीं हें काम होऊं द्यावें.